तण उपटण्याबद्दल सानूला पत्र

चि. सानू,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस की आई, आपण स्वतः बाहेरून आलेली माणसं आणि तू दर वसंतात व्हॉलंटियर म्हणून जाऊन जंगलातली बाहेरून आलेली झाडं उपटतेस, तुला हे खटकत नाही का. गॅसवर पोळी होती म्हणून मी विषय आवरता घेतला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. तू रागाने नाही, मनापासून विचारलंस. म्हणून नीट लिहून उत्तर देते, आणि त्यासाठी आधी जरा प्युरिटन लोकांकडे, म्हणजे इंग्लंडमधल्या एका कडव्या ख्रिस्ती पंथाकडे, जावं लागेल कारण माणसांना तण समजून उपटायचा प्रयोग इथे अमेरिकेत आपल्याच मॅसॅच्युसेट्समधे झालेला आहे.

शाळेत तुम्हाला सांगतात की ते धर्मस्वातंत्र्यासाठी इंग्लंड सोडून आले. आले खरे, 1630 साली त्यांचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याच्याबरोबर जहाजंच्या जहाजं भरून आले, पण ते स्वातंत्र्य त्यांना फक्त स्वतःच्या पंथापुरतं हवं होतं. रॉजर विल्यम्स म्हणाला की सरकारने माणसाच्या श्रद्धेत लुडबुड करू नये, तर 1635 मधे त्याला हद्दपार केलं, बिचारा भर थंडीत बर्फातून निघून गेला आणि पुढे प्रॉव्हिडन्स वसवलं, त्यातूनच ऱ्होड आयलंड वसाहत झाली. ॲन हचिन्सन घरी बायका जमवून प्रवचनावर चर्चा करायची, तिलाही खटला चालवून बाहेर काढलं. ओबडाया होम्स नावाच्या, बाप्टिस्ट या वेगळ्या ख्रिस्ती पंथाच्या माणसाला 1651 मधे बोस्टनमधे 30 फटके मारले.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते ती मेरी डायर. ती ॲनची मैत्रीण, आणि खटल्यानंतर सगळे ॲनपासून लांब सरकले तेव्हा ही तिच्या सोबत उठून चालत बाहेर पडली. आदल्या वर्षी मेरीला मूल झालं होतं ते मेलेलं, व्यंग असलेलं, आणि ते गुपचूप पुरलं होतं. विन्थ्रॉपला हे कळल्यावर त्याने ते बाळ उकरून काढायला लावलं आणि या बाईच्या पाखंडाची ही देवाने दिलेली शिक्षा म्हणून त्याचं वर्णन सगळीकडे पसरवलं. एका आईच्या बाबतीत हे केलं गं. पुढे ती क्वेकर झाली, म्हणजे धर्मगुरूशिवाय प्रत्येकाला देव आतून थेट कळतो असं मानणाऱ्या पंथात गेली. तोवर कायदा झाला होता की क्वेकर पुन्हा परत आला तर कान कापायचा, आणि 1658 पासून थेट फाशी. 27 ऑक्टोबर 1659 ला तिच्या डोळ्यांसमोर तिच्या दोन सोबत्यांना फाशी दिलं, तिच्याही गळ्यात दोर घातला, हातपाय बांधले, चेहरा झाकला, आणि मग सांगितलं की तुला माफी आहे, मुलाने रदबदली केली म्हणून. ती परत आली. कायदा चुकीचा आहे हे सांगायलाच परत आली, आणि 1 जून 1660 ला तिला फाशी दिलं.

आता तणाची गोष्ट. बायबलमधे एक दृष्टांत आहे, शेतात गहू पेरलाय आणि रात्री वैरी येऊन त्यात तण पेरून जातो, गडी विचारतात उपटून टाकू का, मालक म्हणतो नको, तण उपटताना गहूही उपटाल, कापणीपर्यंत दोन्ही राहू द्या. रॉजर विल्यम्सने 1644 मधे लंडनला पुस्तक छापलं त्यात हाच दृष्टांत धरून तो म्हणतो की शेत म्हणजे हे जग, तण म्हणजे चुकीच्या श्रद्धेची माणसं, आणि मालकाने राहू द्या म्हटलंय तर सरकारने हात लावायचा नाही. बोस्टनचा धर्मगुरू जॉन कॉटन याचा वेगळा अर्थ लावायचा, त्याच्या मते उघड पाखंड्याला शिक्षा झालीच पाहिजे. पार्लमेंटने ते पुस्तक जाळायचा हुकूम काढला. आणि बघ, विल्यम्सला स्वतःला क्वेकर अजिबात पटायचे नाहीत, म्हातारपणी त्यांच्याशी कडाडून वाद घातलाय त्याने, तरी ऱ्होड आयलंडमधून एकाही क्वेकरला त्या कारणासाठी हाकललं नाही. मला तो माणूस यासाठी फार मोठा वाटतो.

आता याच काळात यांच्या शेतात काय चाललं होतं ते ऐक. जहाजातून गुरं आली, चारा आला, बियाणं आलं, आणि त्यात मिसळून युरोपातलं गवत-झाडोराही आला. जॉन जॉसेलिनने 1672 मधे यादीच छापलीय, इंग्रज आणि त्यांची गुरं आल्यापासून इथे काय काय उगवायला लागलं त्याची. त्यात पिवळ्या फुलाचं डँडेलियन आहे, रुंद पानांचं प्लँटेन आहे. या प्लँटेनला इथले मूळ लोक इंग्रजाचं पाऊल म्हणायचे कारण जिथे हे चालले तिथे ते उगवलं (आपलं इसबगोल त्याच्याच कुळातलं, आजी रात्री दुधातून घ्यायची ते). आणि बारबेरी नावाचं काटेरी झुडूप तर त्यांनी हौसेने आणून लावलं, कुंपणाला आणि आंबट फळांचा जॅम करायला.

1660 नंतर न्यू इंग्लंडच्या, म्हणजे या भागातल्या, गव्हावर तांबेरा हा बुरशीचा रोग पडायला लागला. तू तांबेरा पाहिला नाहीस, मी निफाडला लहानपणी पाहिलाय, पीक हिरवं दिसतं पण त्यातून चालत गेलं की परकर विटकरी भुकटीने माखतो आणि नंतर ओंबीत दाणाच भरत नाही. या लोकांना तो देवाचा कोप वाटला, उपास केले, प्रार्थनेचे दिवस पाळले. आणि काळ्या तांबेऱ्याची बुरशी वसंतात वाढत होती बारबेरीच्या पानामागे, तिथून वाऱ्यावर गव्हात जायची. शेतकऱ्यांच्या ते हळूहळू लक्षात आलं, 1726 मधे कनेक्टिकटने बारबेरी काढून टाकायचा कायदा केला, शास्त्रीय पुरावा मिळायला मात्र 1865 उजाडलं. म्हणजे श्रद्धेचा गहू वाचवायचा म्हणून ज्या वर्षांत मेरी डायरसारख्या माणसांना फासावर चढवत होते त्याच वर्षांत गव्हाला खरंच बुडवणारं झुडूप स्वतःच्या कुंपणात जपून वाढवत होते. मला हे वाचल्यापासून चैन नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की बाहेरून आलं हा गुन्हाच नाही, ना माणसाचा ना झाडाचा. प्लँटेनला, डँडेलियनला मी हात लावत नाही, ती रस्त्याच्या कडेला आणि लॉनमधे राहतात, जंगलाला त्यांचा त्रास नाही. मी उपटते ती गार्लिक मस्टर्ड, लसणाच्या वासाची, मोहरीच्या कुळातली युरोपातली वनस्पती. ती 1868 मधे लाँग आयलंडवर पहिल्यांदा नोंदली गेली, बहुतेक भाजी-औषध म्हणून आणलेली. तिच्या मुळातून निघणारी रसायनं मातीतली बुरशी मारतात, आणि मेपलच्या रोपांना जगायला तीच बुरशी लागते. हरणं तिला खात नाहीत त्यामुळे ती आणखी फोफावते. वेस्ट व्हर्जिनिया व्हाइट नावाचं एक पांढरं फुलपाखरू आहे, ते नेहमीचं झाड समजून हिच्यावर अंडी घालतं आणि अळ्या मरतात. हे सगळं पानं उलटून, माती तपासून, वर्षानुवर्षं मोजून कळलेलं आहे, आणि उद्या कोणी मोजून दाखवलं की आमचं चुकतंय तर आम्ही थांबू. मेरी डायरने कोणाचं काय बिघडवलं होतं हे तिच्या न्यायाधीशांनी मोजायचा प्रश्नच नव्हता, ती वेगळं मानत होती एवढंच पुरे होतं.

पण तुझं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आमच्या ग्रुपमधे कोणी कोणी या झाडांबद्दल बोलताना घुसखोर, यांना परत पाठवा असं बोलतात, आणि ते ऐकताना मलाही कसंतरी होतं. इथून पुढे मी गप्प बसणार नाही, झाडाने काय नुकसान केलं तेवढं बोला, असं सांगणार आहे.

मेमधे सुट्टीला येशील तेव्हा एक शनिवार माझ्याबरोबर चल. पाऊस पडून गेल्यावर खोड अगदी खालून धरून हळू ओढायचं, झटका दिला की वरचं तुटतं आणि मूळ राहतं, आणि फुलं आलेली रोपं तिथेच टाकायची नाहीत, पिशवीत भरायची, कारण उपटलेल्या रोपावरही बी पिकतं. त्याच दिवशी दुपारी बोस्टनला स्टेट हाऊसपाशी जाऊ, तिथे मेरी डायरचा पुतळा आहे, तू अजून बघितला नाहीयेस. बाबा विचारतायत तिकीट काढलंस का, महाग व्हायच्या आधी काढ.

तुझी,
आई