टप्पे चिठ्ठीने ठरवा

मा. नियोजनमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

नवी योजना तीन टप्प्यांत राबवणार, असे आपण जाहीर केले आहे. पैसा एकदम पुरत नाही, हे मान्य. पण पहिल्या टप्प्यात कोण? सहसा जिथला लोकप्रतिनिधी वजनदार आणि यंत्रणा आधीच चोख, तेच भाग पुढे काढले जातात. मग आम्ही मूल्यमापनवाले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे तक्ते मांडतो. मीही मांडले आहेत. आकडे खरे होते. पण सुधारणा योजनेमुळे झाली की ते भाग तसेही सुधारतच होते, हे त्यांतून कळायला मार्ग नव्हता.

‘पुढचे संख्याशास्त्र सांभाळून घेईल’, असे सल्लागार म्हणतील. विश्वास ठेवू नका. टप्प्याटप्प्याने आलेल्या योजनांसाठी वर्षानुवर्षे वापरलेल्या आमच्या गणितातच खोट निघाली. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू गुडमन-बेकन यांच्या २०२१ च्या निबंधाने दाखवले की, त्यात आधी लाभ मिळालेले भागही नंतरच्यांच्या तुलनेला घेतले जातात. परिणाम काळानुसार बदलत असेल, तर उत्तराचे चिन्हही उलटू शकते, म्हणजे फायदा असताना तोटा दिसू शकतो. नव्या पद्धती आल्या आहेत, पण वशिल्याने ठरलेल्या टप्प्यांपुढे त्याही हतबल.

मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ (मुलांची शाळा आणि आरोग्यतपासणी या अटींवर गरीब कुटुंबांना रोख मदत) सुरू करताना मूल्यमापनासाठीच्या ५०६ गावांतील ३२० गावांना आधी लाभ दिला, १८६ गावांना नंतर. कोण आधी, हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला साधारण सारखे, आणि पुढे दिसलेला फरक योजनेचा म्हणता आला. पुढे सत्तापालट होऊनही योजना नाव बदलून टिकली; विश्वासार्ह आकडे हाती होते, हे त्याचे एक कारण मानले जाते.

दुसरी गोष्ट आपल्याला कदाचित आवडणार नाही. केनियात कंत्राटी शिक्षकांची एकच योजना काही ठिकाणी स्वयंसेवी संस्थेने चालवली, काही ठिकाणी सरकारने. संस्थेकडे मुलांचे गुण वाढले, सरकारकडे वाढले नाहीत. म्हणून एखाद्या संस्थेचा यशस्वी प्रयोग दाखवून कोणी मंजुरी मागितली, तर तो आधी आपल्या खात्याच्या माणसांकडून करवून बघा.

चिठ्ठी अन्यायाची वाटेल. पण थांबायचे तर कुणाला तरी आहेच. (आपत्तीत मात्र चिठ्ठ्या टाकत बसू नये, आणि व्याजदरासारख्या देशभर एकदमच लागू होणाऱ्या निर्णयाला हा उपाय चालतच नाही.)

मागणी एवढीच: टप्पे जाहीर सोडतीने ठरवा. काय मोजणार आणि कोणता आकडा आल्यास योजना फसली असे मानणार, हे सोडतीच्या आधी लेखी प्रसिद्ध करा.

आपला,
एक मूल्यमापक