टर्कीच्या रेसिपीत मीठ कपाने नको, ग्रॅममधे छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ जवळ आला म्हणून तुमच्या रविवारच्या पुरवणीत आख्खी टर्की मिठाच्या पाण्यात भिजवून ओव्हनमधे भाजायची रेसिपी आली होती, वाचून बरं वाटलं, कारण हल्ली आमच्या वेंगुर्ल्यात पण लोक गोव्याहून टर्की आणतात, ख्रिश्चन घरात आणतातच पण बाकीचेही हौसेने करतात. पण रेसिपी अमेरिकेतली जशीच्या तशी उचललीय असं वाटतं, आपल्याकडे तशी केली तर पैसे वाया आणि वर पोट बिघडेल ते वेगळंच.

आधी मिठाचं बोलते. तुम्ही लिहिलंय चार लिटर पाण्याला दोन कप मीठ. कुठलं मीठ? तिकडे जे कोशर मीठ (जाड, भुसभुशीत दाण्याचं) वापरतात त्याचा एक कप कंपनीप्रमाणे साधारण 140 ग्रॅमपासून 240 ग्रॅमपर्यंत भरतो, आणि आपलं पुडीतलं बारीक मीठ त्याच कपात 290 च्या आसपास बसतं. म्हणजे तिकडची बरोबर चव इकडे पार दुपटीपर्यंत खारट, सुक्या बांगड्याची बहीणच. त्यात आमच्याकडे अजून जाडं मीठ वापरणारी घरं आहेत (1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा इथून जवळच, मिठाबद्दल आम्हाला शिकवू नका), ते दमट असतं, कपात कधी किती बसेल नेम नाही. त्यापेक्षा सरळ वजन द्या, एक लिटर पाण्याला 50 ते 60 ग्रॅम. पाच किलोच्या पक्ष्याला सहा लिटर पाणी धरलं तर 300 ते 360 ग्रॅम मीठ झालं, बारा ते अठरा तास पुरे. एवढ्या मिठाने मांसातली प्रोटीनं सैल होतात आणि भाजताना पाणी धरून ठेवतात, नायतर टर्कीच्या छातीला चरबी नसते ती लाकडासारखी होते. आणि पाकिटावर आधीच मिठाचं पाणी टोचलंय असं लिहिलं असेल तर भिजवूच नका, हे तुमच्या रेसिपीत कुठेच नव्हतं.

दुसरं, 'थंड जागी रात्रभर ठेवा'. अहो कुठली थंड जागा? डिसेंबरात पण आमच्याकडे रात्री वीसच्या आसपास असतं. खारातल्या कैऱ्या नि गरे आम्ही बरणीत महिनोन्महिने ठेवतो पण त्यात मीठ भरमसाट असतं, टर्कीचं पाणी त्यामानाने फिकं, त्यात मांस टिकत नाही. 4 डिग्रीच्या आत हवं म्हणजे फ्रीजच हवा. फ्रीजमधे जागा नसेल तर टर्की आणि पाणी खाण्याचे पदार्थ ठेवायच्या जाड पिशवीत घट्ट बांधून मासे न्यायच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा, भोवती बर्फ, वितळला की बदला. बंदरावरचा बर्फ चालेल पण फक्त पिशवीच्या बाहेर, तो खायचा नसतो म्हणून तर 2018 पासून त्याला निळा रंग घालायचा नियम आहे. गोठलेली टर्की असेल तर ती सुटायलाच फ्रीजमधे दर दोन किलोला एक दिवस लागतो, तो हिशोब पण द्या.

टर्की नळाखाली धुवा हे तर काढूनच टाका. तीन पाण्यांनी धुवायची आपली सवय मला माहितीय, पण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावरच्या कोशिंबिरीपर्यंत जातात. भिजवून झाली की कागदाने कोरडी करायची, आणि जमलं तर काही तास फ्रीजमधे उघडी ठेवायची, सालं कुरकुरीत होतं.

मग ओव्हन. घरातल्या ओटीजीत आख्खा पक्षी उंचीला बसत नाही, वरच्या कॉइलला टेकून करपतो आणि मांडी आत कच्ची. मटणवाल्याकडून पाठीचं हाड काढून आणा, घरी दाबून चपटा करा, लवकर आणि सारखा भाजतो. ओळखीचा बेकरीवाला असेल तर भट्टी सगळ्यात बेस्ट. 'रस स्वच्छ आला की झाली' यावर मात्र विश्वास ठेवू नका. आमच्या वाडीत एका घरी असंच बघून काढली, पाहुणे जेवायला बसले आणि सांध्याजवळ गुलाबी, परत ओव्हनमधे. मांस मोजायचा थर्मामीटर घ्या, मांडीच्या जाड भागात हाडाला न लावता 74 डिग्री दाखवला की झालं. मधेच लाईट गेली तर घड्याळ काय कामाचं, सांगा बरं.

तर नाताळाआधीच्या पुरवणीत हे आकडे दुरुस्त करून छापा एवढी विनंती. आणि ट्रेमधे पडलेल्या रसाचा रस्सा करणाऱ्यांसाठी एक ओळ वाढवा, त्यात मीठ आधीच उतरलेलं असतं, चाखल्याशिवाय चिमूटभर पण घालू नका. मालवणी मसाला आणि खोबऱ्याचं वाटण लावून वड्यांबरोबर तो फर्स्टक्लास लागतो, ग्रेव्ही-बिव्ही ठेवा बाजूला.

तुमची नेहमीची वाचक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग