'साभार : इंटरनेट' म्हणजे नेमकं कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरच्या कान्ह नदीकाठच्या कृष्णपुरा छत्र्यांवर, म्हणजे होळकर राजघराण्याच्या स्मारकांवर, मी माझ्या ब्लॉगवर लेख लिहिला होता. भिंतींवरचे दगडी शिपाई आणि वादक नीट पाहता यावेत म्हणून सलग तीन रविवार तिथे घालवले. पुढे शहरातल्या एका दैनिकाने तोच लेख हिंदी करून पुरवणीत छापला. खाली एवढंच : 'साभार : इंटरनेट'.

नाव नाही याचं वाईट वाटलंच, पण मनाला लागलं ते निराळंच. शिवाजीराव होळकरांनी १९०३ मध्ये गादी सोडली, आणि मी ते त्यांच्या निधनाचं वर्ष म्हणून लिहून बसलो होतो. रामबागेतल्या एका आजोबांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं, महाराज वारले ते १९०८ मध्ये. मी पुस्तकं काढून खात्री केली, मजकूर बदलला, वर ठळक अक्षरांत दुरुस्तीची टीप टाकली. दैनिकात मात्र १९०३च छापून आलं. लेख आधीच कुणीतरी उतरवून ठेवला असणार. एकदा विचारलं असतं, तर हजारो घरांत चुकीचं वर्ष गेलं नसतं.

ब्लॉग लिहिणं हा रिकामपणाचा उद्योग, असं आपल्याकडे अजूनही पुष्कळांना वाटतं. सप्टेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने अध्यक्ष बुश यांच्या लष्करी सेवेबद्दलची जुनी कागदपत्रं दाखवली, तेव्हा १९७०च्या सुमाराच्या टाइपरायटरवर अशी अक्षरं उमटतील का, ही शंका ब्लॉग लिहिणाऱ्यांनीच लावून धरली. दोन आठवड्यांच्या आत वाहिनीला माफी मागावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा मदतीची आणि बेपत्ता माणसांची माहिती एका ठिकाणी आणण्यात भारतातले ब्लॉगर पुढे होते.

ब्लॉगवर छापलेलं सगळंच खरं नसतं, हे मीच माझ्या चुकीवरून सांगतो आहे. म्हणूनच तिथलं काही घेताना लिहिणाऱ्याला विचारावं, त्याचं नाव आणि ब्लॉगचा पत्ता द्यावा. म्हणजे वाचकाला मूळ मजकूर पाहता येईल, चूक दिसली तर त्या आजोबांसारखं कळवताही येईल. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीपासून ही प्रथा सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

आणि हे पत्र छापलंत, तर शिवाजीराव महाराजांचं १९०८ हे वर्ष इंदूरच्या वाचकांसमोर एकदा तरी बरोबर जाईल.

आपला,
एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर