नामांकन म्हणजे तजवीज नव्हे

संपादक महोदय,

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या नावावर मुदत ठेवी आणि घराला त्याचे नामांकन (नॉमिनी म्हणून नोंद), एवढे झाले की आपल्या पश्चात सोय झाली, असे बरेच आईवडील धरून चालतात. प्रत्यक्षात मूल १८ वर्षांचे झाले की आईवडीलही कायद्याने त्याचे पालक (गार्डियन) उरत नाहीत. ठेव त्याच्या नावावर असते, पण ती मोडायला त्याची सही चालत नाही आणि तुमचीही नाही. बँक पालकत्वाचा दाखला मागते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार हा दाखला स्थानिक स्तर समिती देते. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. दाखला मिळाला की काम संपले असे मात्र नाही. नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो. हे सहसा कोणी सांगत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा फ्लॅटचा होतो. ‘दादा बघेल’ म्हणून तो थोरल्याच्या नावावर केला की तो थोरल्याचाच. उद्या त्याचे कर्ज थकले किंवा तोच आधी गेला, तर धाकट्याचा हक्क कशाच्या आधारे सांगणार? धाकट्याचे नुसते नामांकन करूनही भागत नाही; नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सबाबतही स्पष्ट केले आहे. त्यापेक्षा मृत्युपत्रातच मुलासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करावा. विश्वस्त किमान दोन आणि एखादा तरी आईवडिलांपेक्षा वयाने लहान असावा. पैसा सांभाळणारा आणि मुलाला सांभाळणारा एकच माणूस नसावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच, तेही ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे.

सरकारी निवृत्तिवेतन असल्यास दिव्यांग अपत्याचे नाव हयातीतच पीपीओवर (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशावर) चढवून घ्यावे. मागाहून कागद जमवताना भावंडांची दमछाक होते.

एक वहीही हवी : औषधांची नावे, मात्रा आणि वेळा, फिट आली तर काय करायचे, कोणते अन्न चालत नाही, बिथरल्यावर कशाने शांत होतो. डॉक्टरांनी मात्रा बदलली की त्याच दिवशी वहीत बदलावी आणि तिची प्रत विश्वस्तांकडे द्यावी.

— दिव्यांग मुलांच्या पालकांना कायदेविषयक साहाय्य करणारे कार्यकर्ते, पुणे