गाडी ठरवली आहे

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "बघू गं" म्हणते आणि विषय तिथेच राहतो. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. मार्चमध्ये तुम्ही न्यूझीलंडला आलात की आपण इथलं दक्षिण बेट फिरायचं, आणि हॉटेलं न करता कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच राहायची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायचं. गाडी ठरवली आहे, आगाऊ पैसेही भरलेत. दादाला आधी सांगितलं तेव्हा तो "या वयात?" एवढंच म्हणाला. त्याची काळजी मला कळते. पण मी खूप विचार करून ठरवलंय, हे तुम्ही दोघांनी समजून घ्या.

हॉटेल म्हटलं की रोज सकाळी बॅगा भरा, जिने उतरा, त्यांच्या वेळेला नाश्ता करा. इथल्या लहान गावांतल्या मोटेलांत लिफ्ट असेलच असं नाही. आणि आई, खरं कारण वेगळंच आहे. चारधामच्या बसमध्ये "मध्ये थांबवावी लागेल" म्हणून तू दिवसदिवस पाणी प्यायली नाहीस. ते तू मला नंतर सांगितलंस, आणि मी इथे बसून ऐकण्यापलीकडे काही करू शकले नाही. ते अजून बोचतं. या गाडीत संडास आहे, आतच, पक्का बसवलेला. इथे २०२३ साली कायदा झाला की गाडीत कायमचा बसवलेला संडास असेल तरच तिला स्वयंपूर्ण गाडीचं प्रमाणपत्र मिळतं. तेव्हा तू पाणी पी, ताक पी, मनात येईल तेव्हा बाजूला थांबवायला सांग. टाकी रिकामी करण्याचं काम जावयांनी स्वतःहून अंगावर घेतलंय. त्याचा संकोच अजिबात करायचा नाही.

झोपायचं म्हणशील तर मागचा पलंग तुमचा. शिडी नाही, पाय खाली टेकवले की जमीन. आम्ही दोघं वर, ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या खणात, आणि तुमची नात मधल्या बाकावर. बाबांना रात्री उठावं लागलं तर चार पावलं चालायचं, बस. वाटेतल्या टेकापो गावाला मार्चमध्येही रात्री चांगलं गारठतं, म्हणून प्रत्येक मुक्काम वीज मिळणाऱ्या हॉलिडे पार्कमध्येच, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामतळावरच, घेतलाय. तिथे हीटर चालतो, आंघोळीला भरपूर गरम पाणी असतं, मोठं स्वयंपाकघर असतं. पहाटेचा चहा मात्र गाडीतच होईल, गॅसची शेगडी आहे. तांदूळ, डाळी, पोहे, हिंग सगळं इथे ख्राइस्टचर्चमध्ये मिळतं, मी भरून ठेवते. एक गोष्ट आधीच सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस: गाडीत निरांजन लावता येणार नाही, गॅस आहे म्हणून. मी बॅटरीवरचा छोटा दिवा आणलाय. तुझे बाळकृष्ण खिडकीजवळच्या फळीवर बसतील, ती जागा मी मोजून ठेवलीय.

बाबा, आता तुम्हाला. गाडी मी चालवणार.

तुम्ही हे वाचून गप्प बसाल, मला माहीत आहे. दिवाळीनंतर डॉक्टर जे म्हणाले ते तुम्हीही ऐकलंय, त्यावर मी पुन्हा काही लिहीत नाही. तुम्हाला जमणार नाही असं माझ्या मनात चुकूनही नाही. आंबेनळी घाटात धुक्यात तुम्ही एसटी कशी उतरवायचात ते मी बॉनेटजवळच्या त्या सीटवर बसून पाहिलंय. तिथेच झोप लागायची, आणि जाग यायची ती तुमच्या खांद्यावर, डेपोतून घरी येताना. तुमच्या शर्टाला डिझेलचा वास असायचा. अजून कुठे तो वास आला की मला सुरक्षित वाटतं. मला तुम्ही शेजारच्या सीटवर हवे आहात, आणि नुसते बसायला नको, खरोखर रस्त्यावर लक्ष ठेवायला. इथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक असते. साडेतीन टनांवरच्या गाडीला ताशी ९० ची मर्यादा आहे आणि आपली गाडी त्याच वर्गातली आहे, तेव्हा पळवण्याचा प्रश्न नाही. पश्चिम किनाऱ्याला एकेरी पूल बरेच लागतात. ज्याच्या बाजूचा बाण लहान आणि लाल, त्याने थांबून समोरच्याला वाट द्यायची. ते बाण तुम्ही बघायचे आणि मला सांगायचं. आणि परतताना आर्थर्स पासवरून येऊ तेव्हा ओटिराचा उंच पूल लागेल, १९९९ साली बांधलेला, ४४० मीटर लांब. त्याआधीचा रस्ता दरडींच्या अंगावरून वळणं घेत जायचा. तो पूल तुम्हाला दाखवायचा हे मी इथे आले तेव्हापासून मनात धरलंय.

वाट अशी: ख्राइस्टचर्च, टेकापो, मग पुकाकी तळ्याच्या कडेने आओराकी. हा इथला सगळ्यांत उंच डोंगर, ३७२४ मीटर. आपण पायथ्याशीच राहायचं, चढायचं काही नाही. पुढे वानाका, हास्ट, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका. दिवसाला दोनशे किलोमीटरच्या आसपास, शेवटचा दिवस जरा मोठा. हास्टच्या पट्ट्यात बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून मदत बोलावणारं यंत्र भाड्याने घेतलंय. हे दादालाही सांगा, त्याला बरं वाटेल.

आई, टेकापोचं आकाश बघायला तुला जागायचंय. गच्चीवर तू आम्हाला मृग दाखवायचीस ना, तो इथे उलटा दिसतो, डोकं खाली पाय वर. आणि अगस्त्य, जो आपल्याकडे दक्षिणेला खाली-खालीच राहतो, तो मार्चच्या संध्याकाळी इथे जवळजवळ डोक्यावर असतो. त्या भागाला २०१२ पासून काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून मान्यता आहे, रस्त्यावरचे दिवेसुद्धा झाकलेले असतात. मी तुझ्यासाठी जाड शाल आणि कानटोपी ठेवलीय. तुझी ती पातळ शाल आणू नकोस, उपयोग नाही.

आता नीट वाचा आणि तसंच करा. सामानात मध अजिबात नको. लोणचं, मेतकूट, लाडू जे काही आणाल ते विमानतळावरच्या घोषणापत्रात लिहायचंच. न लिहिता सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. "थोडंसंच आहे" हे तिथे चालत नाही, आई. काढून घेतलं तरी चालेल, पण लपवायचं नाही. बाबांची औषधं मूळ पाकिटांतच ठेवा, डब्यात काढू नका, आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त आणू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन घ्या, सगळी नावं वाचता येतील असं. विम्याचा अर्ज भरताना बाबांचं हृदयाचं काम सरळ लिहा. अपघाताची दुखापत झाली तर पाहुण्यांच्याही उपचारांचा बराच खर्च इथली सरकारी एसीसी योजना उचलते, आजारपणाचा मात्र उचलत नाही. हप्ता जास्त आला तर येऊ दे, पैसे मी भरते. त्यावर वाद नको.

बाबा, रोज सकाळी चालणं सुरूच ठेवा आणि संध्याकाळी रक्तदाब लिहून ठेवा. पश्चिम किनाऱ्याला सँडफ्लाय नावाच्या बारीक काळ्या माश्या चावतात, म्हणून आई, लांब बाह्यांचे दोन ब्लाउज शिवून घे आणि पायमोजे आण.

पासपोर्टची मुदत आजच्या आज बघा. इथून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक लागते. बाबांचा नूतनीकरणाला आलाय असं मला आठवतंय. रविवारी दादा येईल तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो काढून पाठवायला सांगा, व्हिसाचा अर्ज मी इथून भरते.

तुमची,
चिमी