विंडोज ११ टाकलंत? आधी ४८ अंक उतरवून घ्या

संपादक महोदय,

विंडोज १०ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि दुकानांत ११ टाकून घेणाऱ्यांची रीघ लागली. डिस्क पुसून कोरी विंडोज टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले, की बऱ्याच लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होते. चोरी झाल्यास हे उत्तमच. पण मदरबोर्ड बदलला, कधीकधी नुसते बायोस (लॅपटॉप सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट केले, तरी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) मागितली जाते. ती असते त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात. खातेच दुकानदाराच्या ईमेलवर उघडलेले असेल, तर आपल्याच फायलींसाठी त्याच्या दारात उभे राहा! ही रिकव्हरी की आजच कागदावर उतरवावी. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग शून्य.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचेही तसेच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स गुपचूप तिकडे वळतात आणि मोफत जागा जेमतेम ५ जीबी. बॅकअप बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नये, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात सापडतात.

सेटिंग्जमधल्या ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’मध्ये मायक्रोसॉफ्टला ऐच्छिक माहिती पाठवणे बंद करता येते, अनिवार्य माहिती नाही. राइट-क्लिकचा जुना मेनू हवा असल्यास शिफ्ट दाबून राइट-क्लिक करावे.

– एक वाचक, सांगली