आबा, तुमच्या प्रत्येक 'नको'साठी

ति. गुरवआबा यांस, सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितो आहोत, कारण तुम्ही शिकवलेलं आणखी चार जणांच्या कामी यावं. गावाचं नाव मात्र कुठेही घालत नाही. 'नाव घातल्यात की गर्दी येतली' हे तुमचं म्हणणं आम्हाला पटलं आहे. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की ही सिंधुदुर्गातली, सह्याद्रीच्या पायथ्याची, सातेरी देवीची राई, म्हणजे देवराई आहे. जेमतेम अडीच एकर. बाहेरून पाहिलं तर नुसता झाडांचा पुंजका.

महिन्यातून एका रविवारी बारा माणसं तिथे गप्प बसतात हे कळलं की लोक विचारतात, ध्यान कुठल्या पद्धतीचं, गुरू कोण, फी किती. खरं उत्तर द्यायचं तर पद्धत म्हणजे तुम्ही वेळोवेळी म्हटलेले 'नको'. तेव्हा आभारही त्यांचेच मानायला हवेत.

पहिला 'नको' गडग्यापाशी, म्हणजे राईच्या दगडी कुंपणापाशी. चपला आत नकोत. पण त्याच दमात तुम्ही म्हणता, पायवाट सोडून अनवाणी नको. शहरातून येणाऱ्याला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. कोकणातल्या जांभ्यात आणि सुक्या पाचोळ्यात फुरसं असतं, जेमतेम वीत-दीड वीत लांब आणि पानाच्याच रंगाचं. ते पळून जात नाही, जागच्या जागी वेटोळं घालून खवले घासतं, करवतीसारखा आवाज येतो. देवळाकडे जाणारी वाट पिढ्यान्‌पिढ्या पायांनी घासून मोकळी झालेली आहे, तिच्यावर जे असेल ते दिसतं. म्हणून अनवाणी चालायचं ते तिच्यावरच, चांगलं उजाडल्यावर, पुढे काठी आपटत. बसायची जागा वाटेपासून लांब असेल तर पायात बूट हवेत, आणि देवी त्याला रागावत नाही हेही तुम्हीच सांगितलंत. (नियम सांगणारे पुष्कळ भेटतात. नियम कुठे थांबतो तेही सांगणारा विरळा.)

दुसरा 'नको' बसण्याचा. खोडाला पाठ टेकू नका. चित्रातले साधू टेकून बसलेले असतात, त्यामुळे नवा माणूस आधी तेच करतो. आंब्याच्या खोडावरून लाल हुमल्यांची, म्हणजे चावऱ्या मुंग्यांची ये-जा चालू असते आणि मानेत शिरलेला एक हुमला अख्खी बैठक मोडायला पुरतो. बिब्याखाली तर मुळीच नको, त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. वारुळापासून चार हात लांब, कारण वारूळ म्हणजेच सातेरी. याला आम्ही आधी श्रद्धेची बाब समजत होतो. नंतर लक्षात आलं की राईतला पाचोळा आणि पडलेलं लाकूड खाऊन त्याची माती करण्याचं मोठं काम वाळवीच करते. ज्या मातीतून राई उगवते, ती मातीच इथे देवीच्या रूपात पुजली जाते. वारा असेल तेव्हा वर बघून बसायचं: जुन्या आंब्याची वाळकी फांदी वारा थांबल्यावरही पडते.

दोन माणसांत दोन काठ्यांचं अंतर ठेवायचं, म्हणजे शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत नाही, पण खोकला आला तर एकटं वाटत नाही. खाली दुहेरी घोंगडी. प्लॅस्टिकची चटई प्रत्येक हालचालीला कुरकुरते आणि खालून घाम धरते.

गोचिडीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण राईत बसण्याची हौस असलेल्यांना ती बहुधा ठाऊक नसते. माकडताप, म्हणजे क्यासनूर जंगलाचा ताप, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातही तो आहे. गोचिडीच्या चाव्यातून तो माणसाला होतो. कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत, गोचिडीची पिल्लं पाचोळ्यात असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, डोळ्याला सहज न दिसणारी. म्हणजे राई सर्वांत सुंदर वाटते त्याच दिवसांत पानांवर बसणं धोक्याचं. या सहा महिन्यांत पाचोळ्यावर बसायला तुम्ही साफ बंदी घातलीत. मग कुणीतरी सुचवलं, जागा झाडून घेऊ या. तर तुमचं उत्तर: 'पाचोळो लोटू नको.' राहिला देवळाचा जांभ्याचा कट्टा. डिसेंबर ते मे सगळे त्याच्यावर, दाटीवाटीने, आणि दोन काठ्यांचा नियम तेवढ्यापुरता गुंडाळून ठेवलेला.

बाकीची काळजी अशी: पूर्ण बाह्या, पायजमा मोज्यांत खोचलेला, गोचीड दूर ठेवणारं तेल आरोग्य केंद्रात विचारून. घरी गेल्यावर कपडे गरम पाण्यात आणि साबणाने आंघोळ, काखा, जांघा, कानांच्या मागे बोटं फिरवून. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडीचा चटका, चिरडणं यातलं काही करायचं नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं तर डॉक्टरला आपणहून सांगायचं की मी जंगलात बसलो होतो. मेलेलं माकड दिसलं तर त्या दिवशी बैठक रद्द, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, जवळ जायचं नाही.

आता गप्प बसण्याबद्दल. पहिल्यांदा येणाऱ्याला तुम्ही पंचेचाळीस मिनिटं बसू देत नाही, वीसच. 'राईक येळ द्या' एवढंच कारण तुम्ही देता. त्याचा अर्थ नीट बघितल्यावर कळतो. बारा माणसं आत शिरली की शेकरू वरून कडकडाट करून सगळ्यांना बातमी देतं आणि पाखरं गप्प होतात. ज्याला आपण जंगलाची शांतता म्हणतो ती पुष्कळदा आपल्यामुळे पसरलेली भीती असते. पंधरा-वीस मिनिटं कुणी हललं नाही तर आधी बुलबुल बोलायला लागतात, मग कुटुरगा, मग पानांत उकरणारे खालचे पक्षी. नेमक्या त्याच वेळी नवशिक्या कंटाळून घड्याळ बघतो, हात वर जातो, शेकरू पुन्हा ओरडतं, आणि मोजणी पहिल्यापासून.

डोळे मिटायचे नाहीत, हाही तुमचा 'नको'. मिटलेल्या डोळ्यांना प्रत्येक सळसळ साप वाटते, किंवा मग झोप लागते. नजर तीन-चार हातांवर, खाली ठेवायची. आधी सर्वांत जवळचा आवाज, बहुधा स्वतःचं गिळणं. त्याच्या पलीकडचा, त्याच्याही पलीकडचा, असं करत सर्वांत लांबच्या आवाजापर्यंत जायचं, तिथे वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी असतं, आणि तिथून परत यायचं. डोक्यात घरची भांडणं, हप्ते, राहून गेलेला फोन येतच राहतात. त्यांना हाकलण्याचा खटाटोप करू नका, कान परत वहाळाकडे न्या. कुणाला रडू आलं तर बाकीच्यांनी उठून समजूत घालायची नाही, बाई असो की बुवा. जो ताज्या दुःखात आहे किंवा ज्याचं मन बरेच दिवस ठीक नाही त्याला गडग्याजवळ, सोबतीला एक जण देऊन, दहाच मिनिटं. औषध चालू असलेल्याला तुम्ही आधी विचारता, 'गोळी घेतलंस मा?' या प्रश्नाबद्दल तुमचे वेगळे आभार. शांततेच्या नावावर गोळ्या बंद करायला सांगणारे थोडे नाहीत.

आणि मग भाकरी. राईत खाणं नको, म्हणून गडग्याबाहेर. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, कोरा चहा. इथे प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, आणि तिथेही तुमची कात्री: 'काय दिसला ता सांगा, काय वाटला ता नको.' हा नियम सुरुवातीला फार रुक्ष वाटतो. पण 'मला खूप प्रसन्न वाटलं' यावर दुसरा माणूस काय बोलणार? मान हलवणार. कुणी म्हणतं, किंजळीचं एक पान कोळ्याच्या धाग्याला अडकून सारखं फिरत होतं, आधी डावीकडे, धाग्याला पीळ बसला की थांबून उजवीकडे, आणि कोळी ते सोडवायला तीनदा खाली आला. लगेच पलीकडचा विचारतो, कुठल्या बाजूला? मलाही तिथेच काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. बँकेतला आणि मच्छीवाली, डॉक्टर आणि रिक्षावाला या एका पानावर बोलायला लागतात. कुणाचं दुःख मोठं, कुणाची साधना पुढे गेलेली, असली मोजणी तिथे सुरूच होत नाही.

शेवटी तुम्ही गाऱ्हाणं घालता, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवीला साकडं, आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तोवर एकेकट्याने बोललेल्या गळ्यांतून तो पहिला एकत्र आवाज निघतो. जे देव मानत नाहीत तेही म्हणतात, तुम्ही त्यांना कधी कारण विचारलेलं नाही.

बायका बसतील की नाही यावर मानकऱ्यांत दुमत होतं हे आम्हाला ठाऊक आहे. काही राया आजही बायकांना बंद आहेत, आणि ते आम्हाला पटत नाही. तुम्ही वाद न घालता देवीला कौल लावलात आणि तो उजवा, म्हणजे होकाराचा झाल्याचं चारचौघांत सांगितलंत. पुढचं काही लिहीत नाही.

ज्या 'नको'साठी तुम्हाला सर्वांत जास्त बोलणी खावी लागली तो देवळाचा. कौलं उतरवून स्लॅब घालू, भोवती पेव्हर ब्लॉक बसवू, हॅलोजन लावू, देणगीदार तयार आहे. कित्येक राया अशाच गेल्या, कुऱ्हाडीने कमी आणि जीर्णोद्धाराने जास्त, असं आमचं मत आहे. लाकूड देवळाच्या खर्चासाठी विकलं जातं, मोकळ्या झालेल्या जागेत ऊन शिरतं, सावलीत वाढणारी रोपं जळतात. पाचोळा झाडून काढला की पावसाचा मारा थेट मातीवर बसतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो पाचोळ्यातून झिरपत जांभ्यात उतरला तर वहाळ उन्हाळ्यातही वाहतो, नुसत्या फरशीवरून घसरला तर दिवाळीनंतरच आटतो. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून नोंदवल्या तेव्हा शास्त्रज्ञांच्या जगाला त्यांचं मोल कळलं. सत्तरीतल्या बांबरची निरंकाराची राई बघितली की काय वाचलं ते समजतं: रानजायफळाची झाडं दलदलीत उभी आहेत आणि श्वास घ्यायला मुळांचे गुडघे पाण्यावर काढलेले आहेत. एका फरशीच्या हौसेत ते गेलं असतं. तुम्ही देणगीदाराला काय सांगितलंत ते गावात अजून सांगतात, 'देवीक ऊन सोसना नाय.'

वाचून कुणी आपल्या भागातल्या राईत बसायला निघालं तर आधी तिथल्या गुरवाला, पुजाऱ्याला किंवा गावकऱ्यांना विचारावं. पुणे जिल्ह्यातल्या आहुप्याच्या राईत चालेल ते इथे चालेलच असं नाही. पावसात तर बसूच नये, जळवा, पडणाऱ्या फांद्या, निसरडं. पहिली बैठक ऑक्टोबरात, सातवीण फुलते तेव्हा, सर्वांत सोपी. फेब्रुवारी-मार्चात सुरंगीचा वास असतो, पण तेव्हा कट्ट्यावर.

आबा, फेब्रुवारीपासून मागच्या बेहड्याखाली कुणी फिरकणार नाही. ढोलीत कवड्या धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेते, फटीतून नर देईल तेवढंच तिचं जेवण, आणि खाली माणूस उभा असला की नर फळं चोचीत धरून लांबच बसून राहतो. तिथे तुम्ही बांधलेला सुंभ पावसात कुजला आहे. नवा आम्ही आणतो, काथ्याचाच, नायलॉनचा नको हे लक्षात आहे. येत्या रविवारसाठी तेराव्या माणसाचा फोन आला होता, त्याला पुढच्या महिन्याचं सांगितलं आहे. कुळथाचं पीठ दोन किलो पाठवतो आहोत, काकींना द्यावं.

आपले नम्र,
रविवारचे बारा जण